फेब्रुवारीचे फलक आणि वर्षभराचे वाचन

फेब्रुवारी महिना अमेरिकेत ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात शाळांच्या भिंतींवर मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि हॅरिएट टबमन यांची चित्रे लागतात, बँका आणि मोठमोठी दुकाने आपापल्या जाहिरातींत कृष्णवर्णीय चेहरे आणतात आणि मार्च उजाडला की सारे फलक उतरवले जातात. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलेही या महिन्यात एखाद्या ‘पहिल्या’ कृष्णवर्णीय शास्त्रज्ञावर किंवा खेळाडूवर तक्ता करून शाळेत नेतात. या प्रथेचे मूळ १९२६ मधील आहे, म्हणजे २०२६ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दीच्या टप्प्यावर तिच्याविषयी दोन मते ठामपणे मांडली जातात. एका मते असा वेगळा महिना देशात फूट पाडतो आणि म्हणून तो नको; दुसऱ्या मते तो अधिक जोरात, अधिक झगमगाटात साजरा व्हायला हवा. या दोन्ही मतांशी माझे जुळत नाही. हा महिना राहिला पाहिजे, परंतु त्याचे मोल आधीच्या अकरा महिन्यांत काय वाचले आणि शिकवले गेले यावरून ठरले पाहिजे, असे मला वाटते. यात माझे स्वतःचे असे काही नाही. ज्याने ही प्रथा सुरू केली त्या माणसाची ती मूळ अट होती आणि पुढे ती सोयीस्करपणे विसरली गेली.

ही प्रथा सुरू करणाऱ्या कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ मध्ये व्हर्जिनियात झाला. त्यांचे आई-वडील पूर्वी गुलाम होते. घरच्या गरिबीमुळे नियमित शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. तरुणपणी ते वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत कामाला लागले आणि हायस्कुलात दाखल झाले तेव्हा त्यांनी विशी गाठली होती. खाणीतल्या त्या दिवसांत ऑलिव्हर जोन्स नावाच्या एका खाणकामगाराच्या घरी कामगारांची बैठक जमत असे. जोन्स गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, तरीही कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके आणि वर्तमानपत्रे ते आवर्जून घरात ठेवत आणि वुडसन यांच्याकडून सर्वांसमोर मोठ्याने वाचून घेत. आपल्या लोकांच्या भूतकाळात शिरण्याची ओढ त्या घरात वाढली, असे वुडसन यांनी पुढे लिहिले आहे. १९१२ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, १९१५ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली आणि १९१६ पासून संशोधनपत्रिका सुरू केली. आजचा महिना मुळात एक आठवडा होता आणि त्या आठवड्याची कल्पना त्यानंतर दहा वर्षांनी आली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी संशोधन, मग त्याची छपाई आणि त्यानंतर उत्सव असा तो क्रम होता.

‘नीग्रो इतिहास सप्ताह’ फेब्रुवारीत ठेवण्याचे कारण साधे होते. अब्राहम लिंकन यांची जयंती १२ फेब्रुवारीला आणि गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांची १४ फेब्रुवारीला येते, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये हे दोन्ही दिवस आधीपासूनच पाळले जात होते. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या दोन जयंत्यांचा उपयोग करून वुडसन यांना त्यांचे लक्ष दोन थोर पुरुषांकडून एका संपूर्ण समाजाच्या कर्तृत्वाकडे वळवायचे होते. त्यासाठी त्यांची संस्था शिक्षकांना पाठ, चित्रे आणि वाचनासाठीच्या याद्या पाठवत असे. हा आठवडा म्हणजे वर्षभर मुलांनी जे शिकले ते समाजापुढे मांडून दाखवण्याचा प्रसंग आहे, असे ते शाळांना बजावत. सप्ताह लोकप्रिय होताच त्याचा बाजारही तयार झाला. ज्यांनी या विषयाला आजवर हातही लावला नव्हता अशा प्रकाशकांनी घाईघाईने पुस्तके काढली आणि गावोगाव भाषणे देणारे झटपट तज्ज्ञ उगवले. तेव्हा वुडसन यांनी शिक्षकांना सांगितले की, ज्यांचे ज्ञान तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षाही कमी आहे अशा वक्त्यांना बोलावू नका. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा हा इशारा आजच्या कित्येक कंपन्यांच्या फेब्रुवारीतील कार्यक्रमांना शब्दशः लागू पडावा, हे त्या इशाऱ्याचे यश मानावे की अपयश, हा प्रश्न मला पडतो.

सप्ताहाचा महिना झाला तो विद्यार्थ्यांच्या रेट्याने. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठांत कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचे विभाग मागणारी आंदोलने झाली, १९७० मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात महिनाभराचा कार्यक्रम झाला आणि १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला औपचारिक मान्यता देणारा संदेश दिला. सरकारी मान्यतेनंतर जे कोणत्याही उत्सवाचे होते ते याचेही झाले. दिवस वाढले आणि अभ्यास पातळ झाला.

या इतिहासाचा उत्सव वाचनानेच का करावा, संगीताने, नृत्याने किंवा मिरवणुकीने का नको, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. जॅझ आणि ब्लूज ज्या समाजाने जगाला दिले त्याचा गौरव केवळ पुस्तकांतून करा, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. परंतु या समाजाच्या बाबतीत वाचन हा इतर अनेक गोष्टींपैकी एक छंद कधीच नव्हता. साउथ कॅरोलायना वसाहतीने १७४० मध्ये गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास शंभर पौंडांचा दंड ठरवला. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये कायदा करून गुलामाला वाचायला किंवा लिहायला शिकवण्यास मनाई केली आणि तसे शिकवल्याने गुलामांच्या मनात असंतोष पेटतो व बंडाळी माजते, असे कारण त्या कायद्यातच नोंदवले. त्या कायद्यात एक अपवाद होता. आकडे शिकवायला हरकत नव्हती. गुलामाची आकडेमोड मालकाच्या कामी येत होती. त्याला वाक्य वाचता येणे मात्र मालकाला परवडणारे नव्हते. ज्यांनी हे कायदे केले त्यांना वाचनाची ताकद आजच्या अनेक शिक्षणतज्ज्ञांपेक्षा अधिक नेमकी कळली होती, असे म्हणावे लागते.

डग्लस यांची गोष्ट याच काळातली आहे. बाल्टिमोरमध्ये सोफिया ऑल्ड या मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या नवऱ्याने ते थांबवले. शिकला तर हा मुलगा गुलाम म्हणून कायमचा निरुपयोगी होईल, असे तो तिला म्हणाला. डग्लस यांनी ते ऐकले आणि सुटकेचा रस्ता कुठून जातो हे त्यांना त्या क्षणी कळले, असे त्यांनी १८४५ च्या आत्मकथनात लिहिले आहे. पुढे रस्त्यातल्या गरीब गोऱ्या मुलांना खिशातली भाकरी देऊन त्या बदल्यात ते अक्षरे शिकत राहिले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास पन्नास सेंट खर्चून त्यांनी भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. हा प्रसंग फेब्रुवारीच्या तक्त्यांवर बहुतेक वेळा येतो. मात्र ज्या आत्मकथनात तो आहे ते छोटेखानी पुस्तक किती वर्गांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले जाते, हा प्रश्न तक्ता करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

गुलामगिरी संपल्यानंतरची आकडेवारी पाहिली म्हणजे या समाजाने अक्षरांवर किती जिद्दीने झडप घातली ते दिसते. १८७० मध्ये कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते. १९१० पर्यंत हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. मधली चाळीस वर्षे दक्षिणेत जमावहत्यांची, मताधिकार हिरावून घेण्याची आणि शाळांना निधी नाकारण्याची होती. त्या परिस्थितीत एका पिढीने आणि तिच्या मुलांनी हे साधले. माझ्या मते एखाद्या ‘पहिल्या’ संशोधकाच्या पेटंटपेक्षा हे अधिक मोठे सामूहिक कर्तृत्व आहे, पण त्याचे चित्र काढता येत नाही म्हणून ते फलकावर येत नाही.

त्याच काळातील आणखी एक गोष्ट अशीच दुर्लक्षित राहते. गुलामांच्या बाजारात आई-मुले, नवरा-बायको वेगवेगळ्या मालकांना विकली गेली होती. युद्ध संपल्यावर त्यांनी एकमेकांचा शोध सुरू केला आणि त्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अॅडव्होकेट’ या पत्रात १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरवलेले मित्र’ अशा अर्थाचे सदर चालत असे. आईचे नाव, तिला विकत घेणाऱ्याचे नाव, शेवटची भेट कोणत्या गावी झाली, भावंडे किती होती, असा मजकूर त्यात येई आणि चर्चमधील धर्मोपदेशकांनी तो व्यासपीठावरून वाचून दाखवावा अशी विनंती असे, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे. या जाहिराती आज संगणकावर उपलब्ध आहेत. त्यांतील पाच-सहा जरी ओळीने वाचल्या तरी गुलामगिरी ही ‘वाईट प्रथा’ होती या मोघम वाक्यातून जे कधीच कळत नाही ते कळते. त्या व्यवस्थेत कुटुंब ही गोष्ट कायद्याला मान्य नव्हती आणि माणसांनी मात्र ती वीस-तीस वर्षे मनात नावानिशी जपली होती. एरवी कागदोपत्री ही नावे सापडणे कठीण असते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र पत्रके होती. त्यांत मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदला जाई, गुलामाचे नाव लिहिले जात नसे. आपले पूर्वज शोधणाऱ्या अमेरिकी कृष्णवर्णीयांचा शोध म्हणूनच पुष्कळदा १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडतो.

ज्या इतिहासाची साधने अशी विखुरलेली, नाकारलेली आणि पुसलेली आहेत, तो इतिहास आपोआप कोणाच्या हाती लागत नाही; तो गोळा करावा लागतो. पोर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोंबुर्ग न्यूयॉर्कमधील एका बँकेच्या टपाल विभागात काम करत आणि उरलेल्या वेळात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आफ्रिकी वंशाच्या लोकांनी लिहिलेले जे मिळेल ते विकत घेत. लहानपणी एका शिक्षिकेने त्यांना काळ्या लोकांना इतिहास नसतो, असे सांगितले होते, अशी आठवण सांगितली जाते. १९२६ मध्ये, म्हणजे वुडसन यांच्या सप्ताहाच्याच वर्षी, कार्नेगी निधीच्या दहा हजार डॉलरांच्या साहाय्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांचा संग्रह घेतला. त्यात पाच हजारांहून अधिक पुस्तके आणि सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती. हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवलेल्या या संग्रहातून आजचे शोंबुर्ग केंद्र उभे राहिले. मराठी वाचकाला या केंद्राविषयी आपुलकी वाटावी असे एक कारणही आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत तेथे भारतातील आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरले होते आणि त्यात मलिक अंबरला महत्त्वाचे स्थान होते. गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभार चालवणारा आणि पुढे औरंगाबाद झालेले खडकी शहर वसवणारा हा हबशी आपल्या शालेय इतिहासात मोगलांशी लढणारा एक वजीर म्हणून दोन ओळींत संपतो. हार्लेममधल्या ग्रंथालयात मात्र तो एका जगभर पसरलेल्या इतिहासाचा भाग म्हणून दिसला.

साधने असली तरी ती वाचायला बसू दिले पाहिजे, हाही मुद्दा होताच. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते. २१ ऑगस्ट १९३९ रोजी सॅम्युएल टकर या तरुण वकिलाच्या आखणीनुसार पाच तरुण एकामागून एक आत गेले, त्यांनी सभासदत्व मागितले आणि नकार मिळताच कपाटातले एकेक पुस्तक काढून ते शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. शहराने यावर उपाय म्हणून कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान ग्रंथालय बांधले, आणि टकर यांनी त्याचे सभासदत्व घ्यायला नकार दिला. त्याच सुमारास जॉन होप फ्रँकलिन हे पुढे फार मोठे झालेले इतिहासकार प्रबंधासाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या पुराभिलेखागारात गेले, तेव्हा इमारत बांधताना कृष्णवर्णीय संशोधक येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती, असे त्यांना सांगण्यात आले. काही दिवसांनी त्यांच्यासाठी वेगळी खोली तयार झाली. गोऱ्या कर्मचाऱ्यांवर त्यांना कागद आणून देण्याची वेळ येऊ नये म्हणून दप्तरखान्याची किल्लीच त्यांच्या हाती दिली गेली. मग दोन आठवड्यांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की त्यांना किल्ली मिळते आणि आम्हाला मिळत नाही, हा आमच्यावर अन्याय आहे. आणि किल्ली काढून घेण्यात आली. वर्णभेदाच्या व्यवस्थेचे इतके चोख विडंबन एखाद्या विनोदी लेखकालाही जमले नसते. फ्रँकलिन यांचा १९४७ चा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांनी पाठ्यपुस्तक म्हणून वापरला.

वर्गातही हेच चालले होते. १९३० च्या दशकात लुइझियानातील एका शाळेत टेसी मॅकगी नावाच्या तरुण शिक्षिका इतिहास शिकवत. शिक्षण मंडळाने मंजूर केलेला आराखडा त्यांच्या टेबलावर उघडा असे आणि वुडसन यांचे पुस्तक मांडीवर असे. त्या मांडीवरच्या पुस्तकातून वाचून दाखवत. मुख्याध्यापक वर्गात आले की नजर टेबलावरच्या आराखड्याकडे वळे आणि ते गेले की पुन्हा मांडीवर. मुलांना हे सारे दिसत होते, आणि कदाचित त्या वर्षीचा सर्वांत मोठा धडा तोच असावा.

अशा अभ्यासाचे फळ काय, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे होते. २ मार्च १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीने बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. रोझा पार्क्स यांनी त्याच शहरात बसमध्ये दिलेल्या अशाच नकाराला तेव्हा नऊ महिने अवकाश होता. त्या फेब्रुवारीत तिच्या शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला गेला होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोघींचा, एका खांद्यावर हॅरिएट टबमन यांचा आणि दुसऱ्या खांद्यावर सोजर्नर ट्रूथ यांचा, हात दाबून मला खाली बसवतो आहे असे वाटले, असे ती पुढे अनेकदा सांगत असे. इतिहासाच्या तासाचा परिणाम इतक्या थेट शब्दांत क्वचितच कोणी नोंदवला असेल. बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा जो खटला १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला त्यातील चार फिर्यादी महिलांपैकी कोल्विन एक होती. पार्क्स त्या खटल्यात नव्हत्या. तरीही कोल्विनचे नाव कित्येक दशके जवळजवळ विस्मृतीत गेले.

पार्क्स यांचा फलकही त्यांना न्याय देत नाही. दिवसभराच्या कामाने थकलेली एक शिवणकाम करणारी बाई उठली नाही, ही कथा मुलांना सांगायला सोपी जाते. पार्क्स माँटगोमेरीतील नागरी हक्क संघटनेच्या सचिव होत्या, बलात्कार झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या प्रकरणांची चौकशी त्यांनी धोका पत्करून केली होती आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतील हायलँडर लोकशाळेच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. तेथे शिबिरांचे काम सेप्टिमा क्लार्क पाहत. याच क्लार्क यांनी पुढे प्रौढांना मतदार नोंदणीच्या परीक्षेपुरते वाचन शिकवणारे वर्ग उभे केले आणि ते वर्ग दक्षिणेत सर्वत्र पसरले. म्हणजे जे बंड आपल्याला एका दमलेल्या क्षणाचे वाटते त्याच्या मागे वर्षानुवर्षांचे वाचन, वर्ग, शिबिरे आणि नोंदवह्या होत्या. फलकावरचे नायक पाहून मुलाच्या मनात येते की मोठी माणसे जन्मतःच धाडसी असतात; वाचन केलेल्या मुलाला कळते की धाडसाचीही तयारी असते आणि ती अनेकांनी मिळून केलेली असते.

आता वेगळ्या महिन्यावरील आक्षेपाकडे वळतो. हा आक्षेप केवळ वंशद्वेष्टेच घेतात असे नाही. नट मॉर्गन फ्रीमन यांनी २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत माझा इतिहास तुम्ही एका महिन्यात कोंबणार का, असे विचारले होते आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास हाच अमेरिकेचा इतिहास आहे असे म्हटले होते. तत्त्व म्हणून हे पूर्णपणे मान्य करण्यासारखे आहे आणि गंमत म्हणजे वुडसनही नेमके हेच म्हणत असत. इतिहासात कृष्णवर्णीय कुठे आहे ते दाखवणे हा आपला उद्देश असल्याचे त्यांनी सांगितले होते. प्रश्न व्यवहाराचा आहे. जेव्हा वेगळा महिना नव्हता आणि ‘सर्वांचा’ इतिहास शिकवला जात होता, तेव्हा त्यात काय होते? १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अखेरच्या प्रकरणात त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांची झडती घेतली. कृष्णवर्णीय अडाणी, आळशी आणि लाचखाऊ होते आणि त्यांच्या हाती सत्ता गेल्यामुळे दक्षिणेचा नाश झाला, असे ती पुस्तके शिकवत होती. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच काळातील राज्य सरकारांनी उभी केली हे सांगायचे मात्र टाळत होती. समावेशाची हमी नसताना वेगळेपणा सोडून देणे म्हणजे पुन्हा त्याच पाठ्यपुस्तकांच्या दयेवर जाणे होय. म्हणून महिना राहावा, या निष्कर्षावर मी येतो, पण तो राहावा तो तपासणीच्या तारखेसारखा.

आणि तपासणीची गरज आज वाढली आहे. फ्लोरिडा राज्याने जानेवारी २०२३ मध्ये हायस्कूलसाठीचा कृष्णवर्णीय अभ्यासाचा प्रगत पाठ्यक्रम नाकारला आणि त्याच वर्षी स्वीकारलेल्या अभ्यासक्रमात, गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली, असे शिकवण्याची सूचना घातली. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशात वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयावर नाव घेऊन टीका झाली, आणि त्याच महिन्यातील दुसऱ्या एका आदेशाने ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना केंद्रीय अनुदान देणारी संस्था कायद्याने शक्य तितकी आक्रसण्याचे फर्मान काढले. या निर्णयांच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा की, असा इतिहास शिकून गोऱ्या मुलांना अपराधी वाटते. मुलांच्या मनाचा विचार व्हायलाच हवा, यात वाद नाही. परंतु १८५० च्या जनगणनेतले निनावी पत्रक पाहून मुलाला काय वाटावे हे आपल्या हाती नाही, ते पत्रक त्याला पाहू द्यायचे की नाही एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते दडवले तर त्याच वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलाला त्याच्या पणजोबांच्या आजोबांचे नाव का सापडत नाही, याचे उत्तर आपण कोणत्या तोंडाने देणार? मला आणखी एक गोष्ट जाणवते. अशा वादांत फलकांवर सहसा कोणी बंदी आणत नाही. किंग यांचे हसरे चित्र कोणालाच खुपत नाही. बंदी येते ती पुस्तकांवर, पाठ्यक्रमांवर आणि ग्रंथपालांवर, आणि नेमके कशात सामर्थ्य आहे याची ही पावती विरोधकांनीच दिलेली आहे.

मराठी माणसाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल तर संबंध जुना आहे आणि तो वाचनातूनच आलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. आज त्या अर्पणपत्रिकेत भर घालावीशी वाटते, कारण यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले आणि मळे सोडून पळालेल्या लाखो गुलामांनी ती व्यवस्था आतून खिळखिळी केली, हे नंतरच्या संशोधनाने पुढे आणले. मुक्तीचे श्रेय मुक्त झालेल्यांनाही आहे, हा विचार फुल्यांना परका वाटला नसता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास करणे स्वाभाविकच नाही तर आवश्यक आहे, असा त्या पत्राचा आशय होता. त्यात सहानुभूतीच्या ओळी नाहीत. कागदपत्रे हवी आहेत. पुढे म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेहून परतल्यावर दलित लेखकांचे लक्ष कृष्णवर्णीय साहित्याकडे वेधले, जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून घेतले. त्या मूळ संघटनेच्या १९६६ च्या दहा कलमी कार्यक्रमात खरा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षणाची मागणी होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या काळ्या जाकिटांची छायाचित्रे मात्र सर्वांना ठाऊक आहेत.

उत्सव आणि वाचन यांची सांगड कशी घालावी, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. सहा डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला वुडसन यांचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही. रात्रभराचा प्रवास करून आलेली माणसे परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. त्याच महाराष्ट्रात इतर अनेक जयंत्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे पार पडतात, हेही खरे आहे.

अमेरिकेतील मराठी मंडळांना या बाबतीत अधिक जबाबदारी घ्यावी लागेल, असे माझे मत आहे. ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे आपले डॉक्टर आणि अभियंते तेथे मोठ्या संख्येने जाऊ शकले, तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात संमत झाला. त्याआधी १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना गोरे नसल्याच्या कारणावरून नागरिकत्व नाकारले होते. ही साखळी ज्या घरात माहीत नसते त्या घरातील मूल फेब्रुवारीचा तक्ता हा दुसऱ्या कोणाच्या तरी इतिहासावरील गृहपाठ समजून पूर्ण करते.

तक्त्याऐवजी देता येईल असे काम उपलब्ध आहे. डग्लस यांना आपला जन्मदिवस ठाऊक नव्हता. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? १४ फेब्रुवारी ही तारीख त्यांनी स्वतः निवडली. १८९७ मध्ये मेरी चर्च टेरेल यांच्या प्रयत्नाने वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या शाळांत ‘डग्लस दिन’ सुरू झाला आणि २०१७ पासून काही अभ्यासकांनी तो वेगळ्या रीतीने पुन्हा सुरू केला आहे. त्या दिवशी ठिकठिकाणी लोक एकत्र बसतात, केक कापतात आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे जुने हस्तलिखित कागद संगणकाच्या पडद्यावर वाचून त्यांचा मजकूर टंकलिखित करतात, म्हणजे पुढच्या माणसाला तो शोधता येईल. युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या दप्तराचेही असेच लिप्यंतर स्वयंसेवकांनी चालवले. या कामाला वर्णाची, देशाची किंवा पदवीची अट नाही. अक्षर वळणदार आणि पुसट असते, शब्दांची रूपे जुनी असतात, एक पान लावायला तास लागतो. मोडीतले एखादे पत्र लावून पाहिलेल्यांना हा सराव नवा नाही. येत्या १४ फेब्रुवारीला पुण्यातले किंवा न्यू जर्सीतले एखादे मराठी शिक्षक आपल्या आठवी-नववीच्या मुलांसमोर असे एक पान ठेवू शकतील. आधीच्या आठवड्यात डग्लस यांच्या आत्मकथनातील वाचायला शिकण्याचे प्रकरण आणि ‘हरवलेल्या मित्रांच्या’ पाच जाहिराती मुलांनी वाचलेल्या असाव्यात, म्हणजे पानावरचे नाव समोर आल्यावर ते कोणाचे असू शकते याचा अंदाज त्यांना करता येईल.